गोठा-गप्पा: बारा हजार लिटरच्या आईचा वळू घ्यावा का?

या वेळी वळूवरच तीन पत्रं आलीत, तिन्ही आपल्या सोलापूर जिल्ह्यातली. पहिल्याला जरा जास्त जागा गेलीय, बाकी दोघांनी राग मानू नये.

प्रश्न (मोहोळ तालुका): नमस्कार डॉक्टर साहेब. माझ्याकडे आठ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस गाया आहेत. दीड एकरात मका आणि नेपियर गवत, वरून कडबा कुट्टी, आणि कारखाने चालू झाले की उसाचं वाढं. पेंड परवडत नाही म्हणून गायीला दिवसाला तीन किलोच्या वर देत नाही. कांड्या (वळूच्या वीर्याच्या नळ्या) भरायला जो येतो त्याने मोबाईलवर वळूंची यादी दाखवली, त्यात एका इम्पोर्टेड एचएफच्या आईचं एका वेताचं दूध बारा हजार लिटर लिहिलंय आणि दुसरा क्रॉस वळू आहे त्याच्या आईचं साडेपाच हजार. इम्पोर्टेडची कांडी महाग आहे पण कालवड जन्मभर दूध देणार म्हणून घ्यावी म्हणतो. अडचण एवढीच की याआधी इम्पोर्टेडच्या दोन कालवडी झाल्या, अंगानं दांडग्या आहेत पण पहिल्या वेतानंतर माजावरच येईनात. काय करू?

उत्तर: दादा, तुम्ही "अडचण एवढीच" म्हणून जे शेवटी लिहिलंय ना, मी आधी तेच दोनदा वाचलं.

आधी त्या बारा हजाराचा हिशोब करू. ही गाय ज्या गोठ्यात होती तिथं बाकीच्या गाया सरासरी नऊ हजार देत असतील असं धरा, म्हणजे ही तीन हजारानं सरस. आता त्या तीन हजारातला साधारण पाव भाग रक्ताचा, बाकीचा खाण्याचा, पंख्यांचा, निगराणीचा आणि थोडा नशिबाचा. म्हणजे साडेसातशे. त्यातलं अर्धं वळूत उतरलं, पावणेचारशे, आणि वळूकडून त्याचंही अर्धं तुमच्या कालवडीत, एकशे सत्त्याऐंशी लिटर. 305 दिवसांच्या वेतावर वाटलं तर दिवसाला सहाशे मिली, आणि तेही खायला तेवढं मिळालं तर. एचएफ जातीचं म्हणून जे जादा दूध असतं ते कुठल्याही बऱ्या एचएफ वळूकडून येतंच, त्यासाठी बारा हजाराचा आकडा लागत नाही. त्यामुळं यादीत आईचं दूध मोठ्या अक्षरात असलं तरी मी ते शेवटी बघतो.

आता अंगाचा हिशोब, जो कुणी करतच नाही. चारशे किलोची गाय आणि साडेपाचशे किलोची गाय, दोघी नुसत्या उभ्या राहिल्या, एक थेंब दूध दिलं नाही, तरी मोठीला रोज जे जास्तीचं पोषण लागतं त्यात अडीच लिटर दूध निघालं असतं. हिरव्या मक्यात मोजलं तर रोज सहा-सात किलो, वर्षाला अडीच टन. आठ गाया म्हणजे वीस टन, म्हणजे तुमची जवळपास एक एकर मका फक्त अंग पोसायला! तुमच्याकडे आहेच दीड एकर. न्यूझीलंडमध्ये गाया जवळजवळ गवतावरच जगतात, तिथं वळूला मार्क देताना वजनाला चक्क उणे मार्क असतात, म्हणजे पोरी जेवढ्या थोराड तेवढा वळू खाली. आपल्याकडे उलटं, कालवड थोराड झाली की शेजारी बघायला येतात आणि मालकाची छाती फुगते.

त्या दोन कालवडी माजावर का येत नाहीत? समोर नसताना मी छातीठोक सांगणार नाही, आधी डॉक्टरकडून गर्भाशय तपासून घ्या. पण नेहमीचं चित्र असं असतं की ज्या वळूच्या पोरी तिकडं गारव्याच्या शेडमध्ये निम्मं खाणं धान्या-पेंडीचं खाऊन दूध देतात, त्याची पोरगी आपल्याकडे आली की कास दूध मागते आणि गव्हाणीत वाढं असतं. मग ती अंगावरची चरबी मोडून दूध देते, बरगड्या दिसायला लागतात आणि माज बंद पडतो. गाय बिचारी आजारी नसते, उपाशी असते. त्यात वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं ते वेगळंच, म्हणून वाढं कधी एकटं टाकू नका, सोबत मेथीघास आणि रोजचं मिनरल मिक्श्चर पाहिजेच.

आणि आपलं ऊन! गेल्या मे महिन्यात वैरागजवळ माझ्या चुलत भावाच्या गोठ्यात दुपारी दोनला गेलो होतो, वर पत्रा, बाहेर 42 डिग्री. त्याची सगळ्यात मोठी काळी-पांढरी गाय तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीपर्यंत, पोट भात्यासारखं चाललेलं आणि समोरची मका तशीच पडून. तिच्या शेजारची बारकी तपकिरी जर्सी क्रॉस खाली बसून डोळे मिटून रवंथ करत होती. भावाला म्हणलं, दूध मोठीचं जास्त आहे मान्य, पण मार्च ते जूनचं दोघींचं वेगळं लिहून ठेव आणि मग मला सांग.

तर कांडी कुठली भरायची. तुमच्या मोठ्या गाया निम्म्या एचएफ असतील तर त्या दोन कालवडी 75 टक्के एचएफ रक्ताच्या झाल्या, त्यांना परत शुद्ध एचएफ भरला की पुढची पिढी साडेसत्त्याऐंशी टक्के. आपल्या उन्हात आणि तुमच्या वैरणीवर 50 ते साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढं जाऊ नये असं माझं मत आहे, आणि निम्म्या रक्ताचा क्रॉस वळू त्या दोघींना भरला की बरोबर साडेबासष्टवर येता. म्हणजे तुमच्या यादीतला तो साडेपाच हजारवाला मला जास्त आवडला. फक्त त्याची ब्रीडिंग व्हॅल्यू (पोरींच्या दुधात तो किती भर घालेल याचा अंदाज) विचारा, आणि ती किती पोरींच्या दुधावरून काढलीय, रिलायबिलिटी (त्या अंदाजाचा भरवसा) किती, ते विचारा. गुजरातची साबरमती आश्रम गोशाळा वगैरे संस्था क्रॉस वळूंच्या पोरींचं दूध शेतकऱ्यांच्याच गोठ्यात जाऊन मोजतात, दोन-चार जनावरांच्या, आपल्यासारख्याच, आणि अशा गोठ्यातला आकडा मला परदेशातल्या मोठ्या फार्मच्या आकड्यापेक्षा जवळचा वाटतो. पोरींची कास पोटाला घट्ट आहे का, सड सारखे आहेत का, मागचे पाय आणि खूर कसे आहेत, हेही यादीत असलं तर बघा, कारण कास लोंबली की तिसऱ्या वेतात दगडी (कासेची सूज) ठरलेली.

फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागत नाही म्हणून डेअरीत दराला कटिंग होत असेल (फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 टक्क्यांच्या खाली गेलं की दर पडतोच) तर दोन-तीन बारक्या गायांना जर्सी भरायला हरकत नाही. फॅटवर रक्ताचा पगडा दुधापेक्षा जास्त असतो, तिथं वळूचा फरक लवकर दिसतो. पण आज एचएफ, उद्या जर्सी, परवा गीर अशी मिसळ करू नका, मिसळ ताटात बरी.

आणि एक वही करा. कांडी भरून झाली की रिकामी नळी फेकून देतात, ती मागून घ्यायची. त्या बारीक नळीवर वळूचा नंबर छापलेला असतो, ती चिकटपट्टीनं वहीत चिकटवायची आणि शेजारी गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि तारीख. नाहीतर होतं काय, चांगला वळू म्हणून तीन वर्षांनी तोच नंबर परत येतो आणि कालवडीला तिचाच बाप भरला जातो. आज भरवलेल्या गायीची पोरगी दुधात यायला सव्वातीन-साडेतीन वर्षं लागतात, तोवर कुणाला आठवतंय.

प्रश्न (सांगोला तालुका): सर, माझ्या चार पंढरपुरी म्हशी आहेत. सगळे म्हणतात मुऱ्हा जातीचा रेडा भरा, दूध वाढेल. भरू का?

उत्तर: ताई, मी तरी भरणार नाही. मुऱ्हा जास्त दूध देते, पण ती खाते पण तशी आणि तिला पाणी, सावली, डुंबायला जागा लागते. पंढरपुरी कडब्यावर, बांधावरच्या गवतावर दिवसाला सहा-सात लिटर देते आणि लवकर परत गाभण राहते, कोल्हापुरात तर हीच म्हैस कट्ट्यावर उभी करून गिऱ्हाईकासमोर धार काढतात. संकर केला की पुढच्या पिढीत ना धड मुऱ्हा ना धड पंढरपुरी. पंढरपुरीच्याच रेतकांड्या दवाखान्यात आधी सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. गावातला रेडा भरवायचा असेल तर नुसती तलवारीसारखी लांब शिंगं बघून भुलू नका, त्याच्या आईची धार स्वतः बघा, आणि त्याची ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणारा रोग) तपासणी झालीय का विचारा. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो, म्हणजे लक्षणं नीट दिसत नाहीत, पहाटे आणि रात्री उठून बघावं लागतं.

प्रश्न (बार्शी): सेक्स सॉर्टेड (कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेल्या वीर्याची) कांडी सगळ्या गायांना भरली तर सगळ्या कालवडीच होतील का? माझी एक गाय चारदा उलटलीय (भरवूनही गाभण राहिली नाही), तिलाही भरू का?

उत्तर: शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी, सगळ्या नाही. पण साध्या कांडीत दोन कोटी शुक्रजंतू असतात आणि या कांडीत वीस लाखाच्या आसपासच, त्यामुळं गाभण राहण्याचं प्रमाण कमी. ती पहिल्यांदा भरवायच्या निरोगी कालवडींना आणि पहिल्या वेताच्या गायांना वापरा, कालवड अडीचशे किलोच्या पुढं गेल्यावरच. चारदा उलटलेल्या गायीला अजिबात नको, तिची आधी तपासणी करा, आणि तोवर माज सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरताय ना ते बघा, बऱ्याच ठिकाणी गडबड तिथंच असते.