टाइल्सच्या घरात स्पीकरखाली पितळी स्पाइक लावावेत की रबराचे पॅड?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमचे बुकशेल्फ (फळीवर मावणारे लहान) स्पीकर सात-सात किलोचे, ठेवलेत प्लायवुडच्या टीव्ही युनिटवर, आणि दुकानदार स्पाइक, म्हणजे धातूचे टोकदार पाय, गळ्यात मारतोय. घेऊ नका. पोकळ प्लायवुडवर स्पाइक टेकवले की स्पीकरची थरथर थेट युनिटमध्ये उतरते आणि स्पीकरसोबत युनिटही वाजू लागतं. स्पाइकचा खरा उपयोग जाड गालिच्यातून आरपार जाऊन खालची जमीन पकडणं, म्हणजे उंच स्पीकर डुलत नाही. आपल्याकडे किती घरांत असा गालिचा असतो?

हे ठामपणे सांगतोय, कारण माझी सगळी नोकरी चिंचवडला मेंटेनन्समध्ये गेली. पॉवर प्रेसखाली, कॉम्प्रेसरखाली कुठले पॅड बसवायचे हे मीच ठरवायचो. तरी आमचे साडू मला आजतागायत ऐकवतात, "मशीनचं वेगळं, संगीताचं वेगळं."

साडू तेव्हा सदाशिव पेठेत एका वाड्याच्या माडीवर राहायचे. तुळयांवर फळ्या टाकलेली जमीन, कुणी जिना चढलं तरी फडताळातली भांडी किणकिणायची. तिथे त्यांनी मोठ्या हौसेने टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकर आणले, खाली टोकदार स्पाइक, आणि त्याच फळ्यांवर चार हात अंतरावर रेकॉर्ड प्लेअर. आवाज जरा वाढवला की डग्ग्याची घुमक पसरट व्हायची. आणखी वाढवला की खोलीभर घूंऽऽ. साडू आधी म्हणाले रेकॉर्ड जुनी आहे. मग ॲम्प्लिफायरवर संशय, तो दुरुस्तीला जाऊन पैसे घालवून परत आला. घूं तशीच.

एका दिवाळीला आम्ही तिथे होतो, तेव्हा मी त्यांच्यासमोर एक परीक्षा केली. तबकडी फिरत नाही, सुई तिच्यावर टेकवलेली, ॲम्प्लिफायर चालू. आवाज बेताने वाढवला आणि फळीवर बोटाने टकटक केलं. स्पीकरमधून ढब्ब ढब्ब. जमीन हलली की सुई हलते, सुईचा आवाज वूफरमधून (स्पीकरमधला खर्जाचा मोठा भाग) निघतो, वूफर पुन्हा जमीन हलवतो. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं होतं. मी स्पाइक काढून स्पीकरच्या वजनाला साजेसे मऊ रबरी पॅड लावले. त्याच रेकॉर्डला, त्याच आवाजाला घूं बंद झाली. डग्गा डग्ग्यासारखा ऐकू आला. साडूंच्या आई आतून बाहेर येऊन ऐकत बसल्या होत्या.

पुढे साडूंनी प्लेअर भिंतीवरच्या ब्रॅकेटवर चढवला (ते उत्तमच केलं), पण लगोलग स्पाइक परत लावले आणि नातेवाइकांत सांगत सुटले की घूं ब्रॅकेटमुळे गेली. ब्रॅकेट यायच्या आधीच ती गेली होती, आणि हे ऐकणारे चौघे होते. स्पाइकमधून कंपनं खाली जातात पण वर येत नाहीत, हा त्यांचा लाडका सिद्धांतही साफ खोटा आहे. धातूचं टोक दोन्ही दिशांना सारखंच नेतं.

पॅड निवडताना किंमत बघू नका, दबतो किती ते बघा. वजनाखाली 1 मिमी दबला तर स्पीकर-पॅड जोडीची स्वतःची कंपनसंख्या (सेकंदाला किती वेळा हलते ते) साधारण 16 हर्ट्झ, 4 मिमी दबला तर 8. रबराची प्रत्यक्षात थोडी जास्तच भरते. आवाजाची कंपनसंख्या तिच्या सुमारे 1.4 पटीच्या वर गेली की थरथरीची अडवणूक सुरू होते. त्याखाली काही अडत नाही, आणि नेमकं तिच्यावर तर थरथर वाढते. म्हणून साठ-सत्तर किलोच्या वॉशिंग मशीनचे रबरी पाय तुमच्या सात किलोच्या स्पीकरखाली दगडासारखेच राहतील. मऊ घ्या. सोर्बोथेन (थरथर शोषणारं, रबरासारखं मऊ मटेरियल) मिळालं तर सर्वांत कमी कठीणपणाचं, आणि जाडीच्या 10 ते 20 टक्के दबेल इतकंच लहान. स्पीकर हलका पडत असेल तर पॅडवर कडप्पा ठेवून त्यावर स्पीकर ठेवा. फूट बाय फूट, इंचभर जाड तुकडा सहा किलोच्या आसपास भरतो, ओटा बसवणाऱ्याकडे तुकडे पडलेले असतात. आयसोॲकूस्टिक्ससारख्या कंपन्यांचे तयार पाय चांगले आहेत, तेही वजनानुसारच येतात. मोठ्या वजनाचे घेऊन फायदा नाही.

साडूंचा वाडा पडून आता तिथे इमारत आहे. टाइल्सच्या जमिनीवर तेच टॉवर, तेच स्पाइक, टाइल्सवर ओरखडे येतात म्हणून खाली नाणी ठेवलेली. "बघा, आता कुठे घूं आहे?" म्हणतात. अहो, खाली आरसीसी स्लॅब आहे, ती फळीसारखी हलतच नाही! तिथे पॅड लावले काय, स्पाइक लावले काय, फरक नगण्य. प्लेअर भिंतीवर आहे ते वेगळंच.

तुमच्याबाबतीतही हे लक्षात घ्या: स्पीकर युनिटवरून उतरवून जड स्टँडवर, भिंतीपासून सुटे ठेवता आले तर कुठल्याही पॅडपेक्षा जास्त फरक पडेल. ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. घरात लहान मूल असेल तर उंच स्पीकर फार मऊ पॅडवर ठेवू नका, कलंडतो. सोर्बोथेनचे डाग पॉलिशवर उतरतात, मध्ये पातळ प्लास्टिक घाला. आणि खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार हे तुमचं कारण असेल, तर खर्जाचा बराच भाग हवेतूनच भिंती-स्लॅबपर्यंत पोचतो. त्याला पॅड काही करत नाही, आवाजच कमी करावा लागेल.