आतल्या खोलीत मीटिंग तुटते. मेश घ्यावा की केबल ओढावी?

तुम्ही लिहिलंय की कनेक्शन 100 एमबीपीएसचं आहे, राउटर हॉलमध्ये आणि कामाचं टेबल आतल्या खोलीत. स्पीड टेस्टला 60-70 दिसतात, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो. माझं ऐकाल तर मेश (घरात ठिकठिकाणी ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे) नको, केबल ओढा. बारा वर्षं मी हीच कामं करतोय.

तुमची अडचण वेगाची नाहीच. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुष्कळ झाले, पण ते वेळेवर पोचायला हवेत. वायफायमध्ये एका चॅनेलवर (म्हणजे हवेतल्या एका वाटेवर) एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीचे कानोसा घेत थांबतात, आणि दोघं एकदम बोलले तर पुन्हा पाठवावं लागतं. या रांगेत तुमचा टीव्ही, मोबाईल आहेतच, शिवाय त्याच चॅनेलवरचे शेजाऱ्यांचे राउटरसुद्धा. राउटरच्या 2.4 गिगाहर्ट्झ वायफायला एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. 5 गिगाहर्ट्झला जागा जास्त आहे, पण दोन भिंती आणि मध्ये आरशाचं लोखंडी कपाट आलं की तो सिग्नल मलूल होतो.

खात्री करून घ्या. लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग लावून (म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजत) पाच मिनिटं बघत बसा. केबलवर आकडा एक मिलिसेकंदाच्या आसपास राहतो. वायफायवर 3, 4, 3 चालू असताना मध्येच 150 आला, की तिथेच तुमचा आवाज तुटतो.

केबल मात्र बघून घ्या. कॅट 6 (नेटवर्क केबलचा एक दर्जा), अस्सल तांब्याची. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं आणि आत चंदेरी दिसलं, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, परत करा. आत आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. जोडीतल्या दोन तारांवरून एकच सिग्नल उलटसुलट जातो. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर जवळपास सारखाच पडतो, आणि पलीकडे दोन्हींतला फरकच वाचला जात असल्यामुळे तो वजा होतो. हे सगळं त्या पिळामुळे जमतं, म्हणून कनेक्टर क्रिंप करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ सोडू देऊ नका. घाईत दोन-दोन इंच सोडलेले मी रोज बघतो.

एका घरी 300 चा प्लॅन असून वर्षभर 95 च्या वर आकडा गेला नव्हता. कनेक्टरमध्ये तपकिरी तार टेकलीच नव्हती. गिगाबिटला (1000 एमबीपीएसला) चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. त्यामुळे लिंक मुकाट्याने 100 वर उतरली होती. दहा मिनिटांचं काम, पण ते लोक वर्षभर कंपनीला फोन करत राहिले.

100 मीटरपर्यंत केबलला अडचण नाही, म्हणजे फ्लॅटमध्ये प्रश्नच नाही. पट्टीतून न्या, फक्त लाइटच्या वायरींबरोबर एकाच पाइपात घालू नका. भाड्याचं घर असेल आणि मालक खिळा मारू देत नसतील, तर मेश घ्या. स्वस्तातला एक्सटेंडर (राउटरचा सिग्नल उचलून पुढे पाठवणारा डबा) नको. ऐकायला आणि बोलायला तो एकच चॅनेल वापरतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

आणि माणूस आलाच आहे तर टीव्हीलाही त्याच फेरीत केबल ओढून घ्या. तेवढीच वायफायची रांग कमी होईल, मोबाईललाही बरं पडेल.