आवाज वाऱ्याचा की सायलेन्सरचा, आधी ते ठरवा

पावसाळा सरला की नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडे आणि त्र्यंबक रस्त्याला टप उघडलेल्या गाड्या दिसायला लागतात, आणि माझ्याकडे आवाजाच्या तक्रारी यायला लागतात. दर वर्षी गोंधळ तोच. वाईट याचं वाटतं की बहुतेकांनी मला विचारण्याआधीच कुठेतरी पैसे घातलेले असतात.

प्रश्न : जुनी टू-सीटर घेतली आहे. टप उघडून 80 च्या वर गेलं की इतकं घोंघावतं की शेजारच्याशी बोलता येत नाही. गॅरेजवाले म्हणतात, सायलेन्सर बदला. बदलू का?

आत्ता नको. मोकळ्या, सपाट रस्त्यावर 80 चा वेग कायम ठेवून पाचव्या गिअरमधून चौथ्यात या आणि शेजारच्याला ऐकायला सांगा. वेग तोच असताना आवाजाचा सूर चढला, तर तो इंजिनचा किंवा सायलेन्सरचा. काहीच फरक पडला नाही, तर तो वाऱ्याचा किंवा टायरचा. ही परीक्षा फुकट आहे, आणि ती न करता सायलेन्सर विकणाऱ्याकडून काही घेऊ नका.

तुमच्या वर्णनावरून मला वारा वाटतो. पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा सरळ मागे निघून जात नाही. सीटच्या मागे दाब कमी होतो, वारा तिथे खाली वळतो आणि मागून पुढे, थेट मानेवर आणि कानांवर येतो. म्हणून दोन्ही बाजूच्या काचा वर घ्या आणि सीटमागे जाळीचा विंड डिफ्लेक्टर, म्हणजे वारा अडवणारा पडदा, बसवा. वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. 120 वरून 100 वर आलात तर चार-पाच डेसिबल तिथेच कमी होतात.

प्रश्न : डिफ्लेक्टर जाळीचा घ्यावा की ॲक्रिलिकचा?

जाळीचा. ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे त्यात चमकतात. तुमच्याच मॉडेलचा, रोल-बारला (सीटमागच्या संरक्षक कमानीला) पक्का बसणारा घ्या.

प्रश्न : थारचा कापडी टप 90 ला फडफडतो. इलाज?

पट्टे आणि क्लिपा नीट ताणून घ्या, टायर ऑल-टेरेनचे (कच्च्या रस्त्यालाही चालणारे, खोल नक्षीचे) असतील तर त्यांचाही आवाज धरा. उभ्या काचेच्या चौकोनी गाडीकडून स्पोर्ट्स कारची शांतता मागू नका.

प्रश्न : टप बंद असतानाही शिट्टी वाजते. बीडिंगला (काचेच्या कडेच्या रबराला) खोबरेल तेल लावा म्हणतात.

कोणीतरी म्हणतं म्हणून रबराला तेल, ग्रीस, रॉकेल फासणं बंद करा. खनिज तेलाने हे रबर फुगतं आणि सैल पडतं. सिलिकॉन ग्रीस लावा, तेही पुसून अगदी पातळ. त्याआधी फट शोधा. कागदाची पट्टी बीडिंगमध्ये ठेवून काच बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही. मग सांध्यांवर मास्किंग टेप लावून चक्कर मारा आणि एकेक टेप काढत जा. जी टेप काढल्यावर शिट्टी परत येते, ती जागा दोषी. काच किंवा टपाचं ॲडजस्टमेंट मात्र त्या कामाची माहिती असलेल्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की खालून टिक-टिक होते, गरम झाल्यावर थांबते. कधी धुराचा वास येतो. ॲक्सेसरीवाले फ्लोअरला डॅम्पिंग शीट लावून आवाज घालवतो म्हणाले. दिवाळीनंतर दाखवली तर चालेल का?

नाही. याच आठवड्यात दाखवा.

थंड इंजिनवर टिक-टिक आणि गरम झाल्यावर बंद, हे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून, म्हणजे सांध्यातल्या पट्टीमधून, किंवा तडा गेलेल्या जागेतून गळतीचं नेहमीचं लक्षण आहे. धातू तापून प्रसरण पावतो, फट मिटते आणि मालकाला वाटतं, गाडी आपोआप बरी झाली. लिफ्टवर घेतली की फ्लँजच्या, म्हणजे नळ्यांच्या जोडाच्या, कडेला काजळीचा काळा ओघळ दिसतो. तो शोधायला नीट उजेड आणि दहा मिनिटं पुरतात, पण शीट विकणारा तेवढं वाकून बघत नाही.

गळतीतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तुम्हाला वास येतो तो बाकीच्या धुराचा, म्हणजे विषारी वायू आत पोहोचतो आहे. गिअरच्या बुटातून (दांड्याभोवतीच्या आवरणातून), फ्लोअरच्या भोकांमधून तो येतो. टप उघडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वर सांगितलेला मागून पुढे येणारा वारा शेपटीकडचा धूरही सीटपर्यंत आणतो. टप बंद आणि मागची काच उघडी, ही तर त्याहून वाईट. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी वाटली तर गाडी थांबवा, बाहेर या आणि डॉक्टरांना गाठा.

दुसरं नुकसान इंजिनचं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं, संगणक पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होऊ लागतो. गॅस्केट स्वस्त असतं, कन्व्हर्टर नाही. पुट्टी भरून पाठवणाऱ्यालाही नको म्हणा.

प्रश्न : 2,400 आरपीएमला डोक्यात घुमल्यासारखं होतं. इंजिन चार सिलिंडरचं, सायलेन्सर कंपनीचा नाही, बाहेरून घेऊन बसवलेला आहे.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनला 2,400 ला दर सेकंदाला 80 ठोके पडतात. तेवढ्याच कंपनसंख्येला सिस्टिम घुमते. सरळ नळीच्या सायलेन्सरमधली ग्लास वूल (आवाज शोषणारी काचेची लोकर) जळून उडाली असेल तर आधी ती बदला. तरी घुमलं तर बंद टोकाची बाजूची नळी जोडतात, परत फिरलेली लाट मूळ लाटेला मारते. 80 हर्ट्झसाठी ती दीड मीटरच्या आसपास जाते. लांबी वायूच्या तापमानावर ठरते, म्हणून मोजून देणाऱ्याकडेच जा.

प्रश्न : कॉलेज रोडवर फ्री-फ्लो (धूर आणि आवाज कमी अडवणारा) सायलेन्सर चालतो का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्या वेळीच 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. मूळचा बसवा.

प्रश्न : समृद्धीवरून टप उघडून आलो की रात्री कान वाजतात. सकाळी बरं वाटतं.

सकाळी बरं वाटतं म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमधल्या कानतज्ज्ञांनी उघड्या गाड्यांमध्ये आवाज मोजला, तेव्हा ताशी 88 किलोमीटरच्या वर तो 88 ते 90 डेसिबल भरला. 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन. त्यात समृद्धीचा सिमेंटचा रस्ता टायरचा आवाज वाढवतो. लांबच्या प्रवासात टप बंद ठेवा, काचा वर घ्या. हॉर्न ऐकू येईल असे फिल्टरचे इअरप्लग चालतील का, ते कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारा. त्यांच्याकडे श्रवणचाचणी मात्र इअरप्लग घेण्याआधीच करून घ्या.