टोकियोत जेवायला बसताना

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही आई-वडिलांना घेऊन टोकियोला जात आहोत. दोघेही पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. तिथे भारतीय उपाहारगृहे आहेत हे ठाऊक आहे, पण एक तरी जेवण खास जपानी पद्धतीचे व्हावे, अशी आईची फार इच्छा आहे. ते शक्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या आईंची इच्छा नक्की पूर्ण होईल. मात्र ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून काम भागेल, असे गृहीत धरू नका. तिथे खरी अडचण ताटात दिसणाऱ्या पदार्थात नसते, ती दाशीत असते. दाशी म्हणजे जवळजवळ प्रत्येक जपानी पदार्थाच्या मुळाशी असलेले सारासारखे पातळ पाणी. ते बहुधा कात्सुओ या ट्यूनाच्या कुळातल्या माशापासून काढतात. हा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि मग सुताराच्या रंध्यासारख्या अवजारावर किसतात. त्याचे कागदाहून पातळ, गुलाबीसर काप गरम पाण्यात क्षणभर टाकून गाळले की दाशी तयार होते. मासा गाळणीत राहतो, पाणी स्वच्छ दिसते आणि म्हणूनच मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सार, वरून निव्वळ भाजीचा वाटणारा रस्सा किंवा तळलेल्या टोफूवरचे पाणी यांत मासळी आहे, हे वाढणाऱ्यालाही चटकन सुचत नाही. यात फसवण्याचा हेतू नसतो. आपण फोडणीतले हिंग जसे वेगळे मोजत नाही, तशीच तिथे दाशी मोजली जात नाही.

म्हणून प्रश्नच दाशीविषयी विचारावा : ‘कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमास् का?’ म्हणजे यात कात्सुओची दाशी आहे का? त्याहून चांगला उपाय म्हणजे मांस, मासळी, अंडे आणि कात्सुओ-दाशी यांपैकी काहीही चालत नाही, असे जपानी लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी जवळ ठेवणे आणि ऑर्डर देण्यापूर्वी ती दाखवणे. कोंबू या समुद्री वनस्पतीची आणि वाळवलेल्या शिताके अळिंबीची दाशीही असते आणि ती आपल्या आई-वडिलांना चालेल. कोंबूमधल्या ज्या चवीला आज सारे जग ‘उमामी’ म्हणते, ती 1908 मध्ये टोकियोतल्याच किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने वेगळी करून दाखवली होती.

माझी शिफारस शोजिन र्योरीची आहे. हे बौद्ध मठांतले जेवण असून त्यात मांस-मासळी तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला ते परके वाटणार नाही. लहान लहान वाडग्यांतून तिळाचा टोफू, शिजवलेल्या भाज्या, लोणचे, भात असे एकामागून एक येत राहते. टोकियोत अशी मोजकी ठिकाणे आहेत, ती महाग आहेत आणि आधी जागा राखून ठेवावी लागते. तरीही एकच जेवण करायचे असेल तर ते इथेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. रोजच्या भुकेसाठी टोकियो स्थानकातले ‘टीज् तानतान’ हे रामेनचे, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचे दुकान उपयोगी पडेल. तिथे प्राणिजन्य काहीच वापरत नाहीत. सुशीच्या दुकानात काप्पा-माकी ही काकडी घातलेली भाताची गुंडाळी मिळते. तेंपुरा मात्र भाज्यांचा असला तरी टाळावा, कारण त्याच्या पिठात बहुधा अंडे असते आणि कोलंबीही त्याच तेलात तळलेली असते.

सोबा हा टोकियोचा जिव्हाळ्याचा पदार्थ. कुट्टूच्या पिठाच्या या शेवया बांबूच्या जाळीवर गार वाढतात. सोबतच्या त्सुयू या रसात कात्सुओ असतो, तेव्हा त्याऐवजी साधा सोया सॉस मागून घ्यावा. कुट्टू आहे म्हणून उपवासाला चालेल, असेही समजू नये, कारण पुष्कळ दुकानांत त्यात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. जेवण संपत आले की शेवया उकडलेले गढूळ, कढत पाणी लांब तोटीच्या भांड्यातून आणून ठेवतात. ते उरलेल्या त्सुयूत ओतून पिण्याची रीत आहे, पण नुसतेही पिता येते. पहिल्या घोटालाच आपल्याकडच्या तांदळाच्या पेजेची आठवण होते.

प्रश्न : आम्ही मासे खाणारे, पण कच्चा मासा घशाखाली उतरेल असे वाटत नाही. मग टोकियोत सुशीच्या वाटेला जाऊच नये का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अवश्य जावे. सुशी म्हणजे कच्चा मासा हे समीकरण खरे नाही. सुशीचे सुशीपण व्हिनेगर लावलेल्या भातात असते. टोकियोचे जुने नाव एदो, आणि एदोच्या समोरच्या खाडीतले मासे वापरून जी सुशी घडली तिला एदोमाए म्हणतात. तेव्हा बर्फाची सोय नव्हती, त्यामुळे मासा टिकवण्यासाठी तो मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवत, सोया सॉसमध्ये भिजवत किंवा शिजवत. ती परंपरा चांगल्या दुकानांतून आजही चालू आहे. आपण उकडलेल्या कोलंबीपासून (एबी) सुरुवात करावी, मग मऊ शिजवलेली आनागो ही समुद्री वाम आणि गोडसर आम्लेटाची तामागो घ्यावी. धीर आला तर व्हिनेगरमध्ये मुरवलेला साबा घेऊन पाहावा. फिरत्या पट्ट्यावरची सुशी, जी 1958 मध्ये ओसाकात सुरू झाली, नवख्या माणसाला सोयीची असते, कारण समोर दिसेल तेच उचलायचे आणि नाव उच्चारण्याची वेळ येत नाही.

आणि सुशी राहू द्या, पण साबा-शिओयाकी चुकवू नका. साबा हा आपल्या बांगड्याचा जवळचा भाऊबंद. त्याला मीठ लावून, साल करपेपर्यंत भाजून, शेजारी किसलेल्या मुळ्याचा ओला गोळा ठेवून भात, सार आणि लोणच्यासह देतात. अशा पूर्ण ताटाला तेइशोकू म्हणतात. साध्या दुकानात दुपारी ते साधारण हजार-दीड हजार येनमध्ये मिळते. रात्री त्याच दुकानात बिल बरेच वाढते, म्हणून मुख्य जेवण दुपारी करणे केव्हाही शहाणपणाचे. मात्र अनेक दुकाने दुपारी दोन-अडीचला बंद होऊन संध्याकाळीच उघडतात, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : शिक्षणासाठी टोकियोत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका इझाकायात, म्हणजे मद्यासोबत खाण्याचे पदार्थ मिळणाऱ्या जपानी उपाहारगृहात, आम्ही न मागवलेल्या एका वाटीचे पैसे बिलात लावले गेले. भाषा येत नसल्याने भांडता आले नाही. ही फसवणूकच नव्हे का?
— एक विद्यार्थिनी, मूळची पुण्याची

उत्तर : आपला राग समजू शकतो, परंतु ही फसवणूक नाही. त्या वाटीला ओतोशी म्हणतात. इझाकायात बसल्याबरोबर ती येते आणि माणशी तीन-चारशे येन लागतात. ते बसण्याच्या जागेचे शुल्कच म्हणायचे. उलट तिथे टीप देण्याची पद्धत नाही आणि पिण्याचे पाणी फुकट मिळते, हेही हिशेबात धरावे. हा खर्च टाळायचा असेल तर दाराशी तिकीट-यंत्र असलेली रामेन किंवा सोबाची दुकाने बरी. तिथे आधी नोट घालून मग बटण दाबायचे आणि आलेले तिकीट आचाऱ्यापुढे ठेवायचे. जुनी यंत्रे पुष्कळदा फक्त 1,000 येनच्या नोटा घेतात, शिवाय जुलै 2024 मध्ये निघालेल्या नव्या नोटा काही यंत्रांना चालत नाहीत, तेव्हा जुन्या सुट्ट्या नोटा आणि नाणी जवळ असू द्यावीत.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण आपल्याला तिथे राहायचे आहे म्हणून सांगतो. चॉपस्टिक भातात उभ्या रोवून ठेवू नका, आणि आपल्या चॉपस्टिकमधला घास दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देऊ नका. पहिली रीत मृतापुढे ठेवायच्या भाताची आहे, तर दुसरी दहनानंतर अस्थी उचलण्याची. आपल्याकडे पंगतीत कुणी पानाशेजारी पिंड मांडावा, तसे ते समोरच्याला वाटते. मैत्रिणीला काही चाखायला द्यायचे असेल तर सरळ तिच्या बशीत ठेवावे.