खोल्या बांधून भाड्यानं द्याव्या का?

प्रश्न: पराटीचे (कापसाचे) ६ लाख साठले, दारव्ह्याला प्लॉट आहे. बँकेचे ६ लाख घेऊन चार खोल्या काढतो म्हणतो, भाडं एका खोलीचं महिन्याला २००० चालू आहे. परवडते का भाऊ?

उत्तर: ९ टक्क्यानं १५ वर्षांचा हप्ता पडते ६,०८६, म्हणजे वर्षाला ७३ हजार. भाडं दहाच महिने धरा, पोरं परीक्षा झाली की गावाकडं जातात अन् खोलीला कुलूप, तर आले ८० हजार, त्यातून घरटॅक्स, रंग, बोअरची मोटर (ती जळतेच, उन्हाळ्यातच जळते) असे १५ गेले, उरले ६५. आठ हजार घरूनच टाका! १२ लाखावर साडेपाच टक्केही सुटत नाही. त्यापेक्षा पाया चारचा घाला, खोल्या दोनच काढा, स्वतःच्या पैशात. अन् प्लॉट एनए (बिनशेती) आहे का ते आधी पाहा.