पोक्सोच्या गुन्ह्यात १७ वर्षांच्या मुलाची मानसिक तपासणी कशासाठी करतात?

आपल्या १७ वर्षांच्या भाच्यावर पोक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, गुन्हा दाखल असून बाल न्याय मंडळाने त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले आहे, आणि या तपासणीत तो दोषी ठरेल का, त्याने तेथे काय सांगावे, असे आपण विचारले आहे. मी जिल्हा रुग्णालयात अशी तपासणी करतो.

दोषी ठरण्याचा प्रश्न येथे येतच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ मध्येच ही प्राथमिक तपासणी म्हणजे खटला नव्हे, असे स्पष्ट केले आहे. घटनेच्या दिवशी १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर किमान ७ वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर तो गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती मंडळाला पाहावी लागते, व त्यावरून प्रकरण मंडळाकडेच ठेवायचे की मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवायचे, हे ठरते. आमचे मत केवळ साहाय्यापुरते असते; आदेश मंडळाचा असतो आणि त्याविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते.

मी मुलाशी एकट्याने बोलतो. शाळा, झोप, मित्र, व्यसन, घरातील मारहाण, त्याच्यावर पूर्वी कधी अत्याचार झाला होता का, हे विचारतो. बुद्ध्यांक चाचणी करून घेतो. गुन्ह्याची कबुली घेणे हे माझे काम नाही. पढवलेला मुलगा मात्र लगेच ओळखू येतो. नववीत शाळा सोडलेला मुलगा ‘मला सदर कृत्याच्या परिणामांची जाणीव नव्हती’ असे म्हणू लागला, की ते वाक्य वकिलांच्या अर्जातले आहे हे सांगावे लागत नाही, आणि मग त्याच्या खऱ्या अडचणीही झाकल्या जातात. तेव्हा कृपया काही पाठ करून घेऊ नका.

खरे तर कायद्याने विचारलेला प्रश्नच अवघड आहे, कारण काही आठवड्यांपूर्वीची मनःस्थिती आज तपासायची असते, आणि चूक काय हे समजणे व मित्रांच्या घोळक्यात त्या क्षणी स्वतःला आवरणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. अहवालात मी त्या वेगळ्या नोंदवतो.

‘हा पुन्हा असेच करील का’ हा प्रश्न कलम १५ मध्ये नाही, तरी नातेवाईक तो विचारतातच. लैंगिक गुन्हा केलेल्या किशोरवयीनांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या परदेशी अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा लैंगिक गुन्हा नोंदवला गेलेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. त्यामुळे एका घटनेवरून ‘विकृत’ हा शिक्का मारणे शास्त्राला धरून नाही.

तपासणीला येताना शाळेची प्रगतिपुस्तके, फिट्स, डोक्याला मार किंवा मानसिक उपचार यांचे जुने कागद असतील तर तेवढे सोबत आणा.