वाचकांचे प्रश्न : गाडी उभी का राहते?

प्रश्न : नागपूरजवळच्या वाडी परिसरात माझा मालवाहतुकीचा छोटा व्यवसाय असून माझ्या मालकीच्या सहा गाड्या प्रामुख्याने नागपूर–भिवंडी मार्गावर चालतात. दीड वर्षापूर्वी सर्व गाड्यांना जीपीएस बसवले. मात्र महिन्याच्या फेऱ्या पूर्वीइतक्याच राहिल्या. खर्च वाया गेला असे समजावे काय?

उत्तर : खर्च वाया गेलेला नाही, परंतु त्या यंत्राकडून आपण आतापर्यंत बहुधा एकाच प्रश्नाचे उत्तर घेतले आहे : गाडी या क्षणी कुठे आहे? फेऱ्या वाढवायच्या असतील तर विचारायला हवे ते असे की, ती कुठे, किती तास आणि कोणामुळे उभी राहिली.

साधा हिशेब मांडून पाहा. नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून जून २०२५ पासून तो पूर्ण लांबीने खुला आहे. अवजड वाहनाचा वेग ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा हे धरूनही चाकांवरचा वेळ साधारण नऊ तासांचा होतो. भारानुसार वेग कमी राहील आणि चालकाची विश्रांतीही त्यात मिळवावी लागेल. तरीही फेरीला चार-पाच दिवस लागत असतील, तर उरलेले दिवस रस्त्यावर जात नाहीत. ते माल भरण्याच्या फाटकाबाहेर, उतरवणाऱ्या गोदामाच्या रांगेत आणि परतीच्या भाड्याची वाट पाहण्यात जातात. समृद्धीने वाचवलेले तास गोदामाच्या दारात गमावले जात असतील, तर नवा रस्ता असूनही मालकाच्या हाती काही लागत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

म्हणून आपल्या जीपीएसमध्ये जिओफेन्सची सोय आहे का ते पाहा. नकाशावर गोदामाभोवती एक काल्पनिक कुंपण आखले की गाडी आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. फास्टॅगच्या विवरणातील टोलनाक्याच्या वेळा ताडून पाहिल्यास जीपीएसच्या नोंदीला दुसरा, स्वतंत्र पुरावा मिळतो. दोन महिने प्रत्येक ग्राहकाच्या दारातील थांबा असा वेगळा काढा. त्यानंतर हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याबद्दलच्या भरपाईचे बोलणे तोंडी न ठेवता दर ठरवतानाच करा, म्हणजे किती तास मोफत आणि त्यापुढे दिवसाला किती, हे करारात आणि बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) लिहून घ्या. वेळेच्या नोंदी समोर ठेवल्या की एरवी वादात अडकणारी रक्कम मिळणे बरेच सोपे होते. काही ग्राहक नाराज होतील. परंतु जो ग्राहक आपली गाडी दोन-दोन दिवस फुकट गोदामासारखी वापरतो, त्याचे भाडे कागदावर चांगले दिसले तरी परवडणारे नसते.

पोहोच पावतीकडेही असेच पाहावे. सही-शिक्क्याची पावती चालकाबरोबर नागपूरला परतेपर्यंत बिल थांबवण्याऐवजी तिचे छायाचित्र उतरवण्याच्या जागेवरूनच मागवा. ग्राहक ते स्वीकारत असेल तर वसुलीचे दिवस तितकेच अलीकडे येतात. परतीच्या भाड्यासाठी मोबाइल ॲप जरूर वापरा, मात्र गाडी रिकामी होण्याच्या आदल्या दिवशीच शोध सुरू करा आणि अनोळखी व्यक्तीला आगाऊ दलाली देऊ नका.

प्रश्न : बुटीबोरीतील आमच्या कारखान्याचा माल भरायला उशीर होतो आणि ई-वे बिलाची मुदत वाटेत संपण्याची भीती असते. यावर उपाय काय?

उत्तर : ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा दस्तऐवज; त्याच्या भाग अ मध्ये मालाचा आणि भाग ब मध्ये वाहनाचा तपशील असतो. मुदतीचे घड्याळ भाग ब मध्ये वाहनक्रमांक प्रथम भरला की सुरू होते. म्हणून भाग अ आधी तयार ठेवावा आणि भाग ब गाडी निघताना भरावा. सर्वसाधारण मालासाठी प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या अंशाला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री पूर्ण होतो. म्हणजे सोमवारी काढलेले ७०१ किलोमीटरचे बिल चार दिवसांचे, शुक्रवारच्या मध्यरात्रीपर्यंतचे असते. राज्यातल्या राज्यात माल पुढील वाहतुकीसाठी वाहतूकदाराच्या गोदामापर्यंत न्यायचा आणि अंतर ५० किलोमीटरपर्यंत असेल, तर त्या टप्प्यासाठी भाग ब भरणे आवश्यक नाही. बुटीबोरीहून वाडीला येणारा माल यात बसतो. अपघात वा बिघाड झाल्यास मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाहतूकदाराला ती वाढवून घेता येते, आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला तर नवा क्रमांक पुढे निघण्यापूर्वी नोंदवावा लागतो.

प्रश्न : माझे पती ट्रकचालक आहेत. गाडी वीस मिनिटे थांबली तरी मालकाचा फोन येतो, त्यामुळे ते झोप अर्धवट टाकून निघतात. हे कसे थांबवावे?

उत्तर : ताई, आपली काळजी अगदी रास्त आहे, आणि हा प्रश्न मला या अंकातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. जीपीएस येण्याच्या कितीतरी आधी ही गरज ओळखली गेली होती. सरळ, एकसुरी महामार्गावर अपुऱ्या झोपेने गाडी चालवणे जिवावर बेतू शकते. आपल्या पतींनी निघण्यापूर्वीच विश्रांतीची दोन-तीन ठिकाणे आणि तास मालकाशी ठरवून घ्यावेत व ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावेत. त्या जागा नियोजित थांबे म्हणून यंत्रात नोंदवल्या की तेथे थांबल्याची सूचना वाजणार नाही अशी सोय अनेक प्रणालींत असते. मालकांनाही माझी कळकळीची विनंती आहे की, गाडी चालत असताना चालकाला फोन करू नये, आणि सलग किती तास गाडी चालली याची सूचना त्याच यंत्रावर लावून घ्यावी, म्हणजे पुढचा फोन ‘आता थांबा’ असे सांगण्यासाठी जाईल.